छप्पन्नच्या फोर्डची बैठक

एमिल व्होंद्राचेकने दोन्ही आणून टाकल्या माझ्या दुकानात:
ट्रेलरवरून उतरवलेली जुनी, सलग, तिघांची बैठक,
आणि टेक्सासहून आलेलं खोकं, अजून पट्टीबंद,
आत दोन सुट्या खुर्च्या, कमरेला फुगवटा, मानेला टेकू,
मधोमध कप ठेवायचा खळगा.
"तूच सांग," म्हणाला,
आणि मग मला बोलूच दिलं नाही.

नेब्रास्कात ऑगस्ट म्हणजे मका डोक्याच्या वर.
दुकानाचं शटर अर्धं, पंखा नुसती गरम हवा ढवळतो.
अडतीस वर्षं मी लोकांच्या बसण्याची दुरुस्ती करते:
चर्चचे बाक, न्हाव्याच्या खुर्च्या,
एकदा शववाहिकेतली चालकाची जागा.
माणूस उठून गेला तरी गादी चहाडी करते,
भार कुठल्या कुल्ल्यावर, पाकीट कुठल्या खिशात.

डार्ला, त्याची मुलगी, ओमाहाहून फोनवर:
बाबांच्या खुब्यात स्टील आहे, त्या स्प्रिंगा जीव घेतील त्यांचा.
आणि माझ्या पोरीला त्यात बसवायचं तर पट्टा हवा,
खांद्यावरून येणारा.
बरोबर होतं तिचं.
बरोबर असलेल्या माणसाशी भांडता येत नाही,
म्हणून एमिल बैठकीची बाजू घेऊन माझ्याशी भांडला:
"कारखान्यातून आली तश्शी आहे ही.
बापाने कुणाला हात लावू दिला नाही."

मी शिवण उसवली.
वर हिरवं रेक्झिन, त्याखाली घोंगडीचा तुकडा,
त्याखाली कापूस, तेलकट, उंदरांनी एकदा संसार मांडून मोडलेला,
गव्हाचे चार दाणे, एक शिंपल्याचं बटण.
आणि स्प्रिंगेच्या तारेला सुतळीने बांधलेला चिठोरा:
हेस्टिंग्ज, भंगारवाला, एकसष्टच्या गाडीची सीट,
साडेबारा डॉलर, बसवून देण्याचे वेगळे.

मग तो पाय दिसला, डावीकडचा, मागचा,
इंचभर वाढवून वेल्ड केलेला, ओबडधोबड.
बसवून देण्याचे पैसे कुणीतरी वाचवले होते.

एमिलने चष्मा काढला, शर्टाला पुसला, चिठोरा परत वाचला.
"क्रेट," म्हणाला एकदम.
"दुधाचा क्रेट. अख्खा एक उन्हाळा
बाप क्रेटवर बसून चालवायचा.
आम्ही दोघं भाऊ खाली पत्र्यावर, ढुंगण भाजायचं.
वेल्डिंगची ठिणगी पडली होती सीटवर."
कुणाच्या हातून, ते त्याने सांगितलं नाही.
मी सुतळीची गाठ सोडवत राहिले.

खोकं परत गेलं. त्यांनी पंधरा टक्के कापले,
ते एमिल अजून सांगतो, बँकेत, धान्याच्या काट्यावर,
जो ऐकेल त्याला.
सांगाडा ठेवला. अकरा स्प्रिंगा बदलल्या,
उरलेल्या माझ्यापेक्षा ताठ होत्या.
नवा फोम, खुब्याच्या बाजूला मऊ.
दोन्ही कडांना खांद्यावरचे पट्टे,
खाली पत्र्याला जाड पोलादी तुकडा लावून.
तो हिरवा मिळाला नाही. त्याच्या चुलतभावासारखा एक मिळाला.
शिवण मिटण्याआधी चिठोरा होता तिथेच बांधला,
शेजारी माझा: तारीख, माप, दोऱ्याचा नंबर,
मजुरी, पैकी निम्मी मक्याच्या कणसांत.

डार्ला आली. अंगठ्याने दाबून पाहिलं,
पट्टा दोनदा लावला, दोनदा सोडला, काही बोलली नाही.
एमिल चढला. इकडे सरकला, तिकडे सरकला,
स्टिअरिंगवर हात ठेवून
काचेतून माझ्या भिंतीकडे बघत राहिला, जणू रस्ता आहे.
"उंच वाटते," म्हणाला.

"बसेल," म्हटलं.